वासू, त्या गुरुवारी बंडीत वांगे होते

वासू, तुह्या मयतीत बी लोक हासले. माह्यामुयंच हासले. तुले खांदा देल्ला, चार पावलं गेलो नाई तं माह्यं धोतर सुटलं. एका हातानं तुले धरू का धोतर धरू, काई समजेना. शेवटी धोतर सोडलं, तुले धरलं. मांगून तुहा साडभाऊ म्हने, "किसनाभाऊ, आज तरी." मी म्हनलं, "मी कुठी काय केलं बापा, जे केलं ते धोतरानं केलं." बस. इतका वेय राम राम म्हननारे चार जन फिसकन हासले. मले वाटलं आता तू बी कापडाखाली हालशीन.

नाई हालला. तवा मले पयल्यांदा समजलं का तू गेला.

हे मास्तर लिवून राहिला, मी बोलून राहिलो. तुले ठाऊकच हाये, मी शायेत दीड दिस गेलो. पयल्या दिशी पाटीवर ग काढून देल्ला, दुसऱ्या दिशी मी सांगतलं का तो ग बकरीनं चाटला. दुपारून घरी आलो तो आजवर घरीच हावो. आंगठ्यावर चालते माह्यं. म्हनून मास्तरले म्हनलं, जसं बोलतो तसं लिव, शुद्ध करू नोको. मी शुद्ध बोललो तं वासूले वाटन दुसराच कोनी येऊन बसला.

आज बुधवार, तुही तेरवी. जेवनाच्या आंधी मास्तर हे साऱ्याईसमोर वाचनार हाये. मी काहून नाई बोलत, ते सांगतो पुढं.

तुही माही ओयख दातावरून झाली. बाजारात तो दात उपटनारा बसे, चादरीवर दाताचा ढीग लावून. माही दाढ दुखे. मी त्याच्यापुढं बसलो, त्यानं चिमटा घातला आन दाढ काढून माह्या हातावर ठेवली. पाह्यतो तं पांढरीफक, मक्याच्या दान्यावानी. दुखनारी होती तथीच. तो म्हने, "भाऊ, चुकून बाजूची आली." मी म्हनलं, "काई हरकत नाई, हिले एकटीले करमनार नाई, आता ते बी काढ." दोन्ही गेल्या आन रगत काई थांबेना. मंग तोंडात फडकं कोंबून तुह्या दवाखान्यात आलो.

ओसरीत बायाईची गर्दी. एक पोरगं मायच्या मांडीवर बोंबलून राहिलं होतं, गाल फुगेल. तू खाली बसून म्हने, "आ कर बाबू, आ कर." बाबूनं तोंड उघडलं, तुह्यं बोट चावलं आन बंद केलं. मी फडकं काढलं आन त्याले माह्या दोन दाढीची गोष्ट सांगाले लागलो. रगत गयते, जीभ बोबडी, एका शब्दामांगं दोन वेळा थुंकतो. ते पोरगं पाह्यत राह्यलं, पाह्यत राह्यलं, आन खदखदा हासलं. तोंड उघडलं तसा तू वाकला. तेवढ्यात तुनं आतलं पाहून घेतलं. मंग माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता माही पाळी. तू म्हनला, "तू कुठी जाऊ नोको. अजून सात लेकरं हायेत."

रगत गिटत गिटत मी सात लेकरं हासवले. तवा मी तुले कंपोंडरसायेब म्हनो. संध्याकायी तू माह्या दाढीच्या खड्ड्यात कापूस दाबला आन म्हनला, "सायेब म्हनशीन तं कापूस काढून घेईन." तवापासून वासू.

मंग तो आपला धंदाच झाला. बाजाराच्या दिशी सकाऊन मी वांगे, मेथी, मिरच्या लावो. दुपारून माही घरवाली, कौशीची माय, भाजीवर बसे आन मी तुह्या ओसरीत येओ. मी हासवो, तू पाहे. तुह्यापाशी तो लांब दांडीचा आरसा, ढब्बू पैशाएवढा. मांगच्या दाढा पाह्याले. तू म्हने, लेकराचं तोंड जबरीनं उघडलं का ते सालभर उघडत नाई, हासून उघडलं का रोज उघडते. मले एवढंच समजे का जनमात पयल्यांदा माह्या तोंडाचा कोनाले तरी उपेग होऊन राहिला. घरी तं कौशीची माय म्हने, याच्या तोंडाले झाकन लावा.

बाया काय म्हनत, ते आठवते का? "दुधाचेच दात हायेत ना भाऊ, पडनच. पडनाऱ्या दाताचं काय पाह्यता?" तू सांगत बसे, माय, पडनारा दात बी आठ-दहा साल तोंडात राह्यते, तवापर्यंत लेकरू एका आंगानं जेवन का? आन त्याच्या बुडाशीच पक्का दात वाढते, वरचा सडला तं पू खाली उतरते. मी मांगून म्हनो, "माह्ये तं पक्के बी पडले बाई, दुधाचेच ठेवले असते तं बरं झालं असतं." बाया हासत. तू बी हासे. पन घरी जातानी त्याईले तुह्यं आठवे का माह्यं, हे मी कधी इचारलं नाई. माह्यंच आठवत असन. हासेल गोष्ट ध्यानात राह्यते.

त्या गुयाच्या चिंधीवरून तं आपलं भांडन मिटलंच नाई. कापूस वेचाच्या दिसात बाया तान्ह्या लेकराले धुऱ्यावर बाभयीच्या सावलीत निजवत, आन तोंडात फडक्यात बांधेल गुयाचा खडा. लेकरू दिवसभर चोखे, माय दिवसभर वेचे. सालभरात समोरचे चार दात काये, खुंटं होऊन जात. तू वावरावावरात फिरून सांगे, चिंधी फेका. एका बाईनं तुले चांगला झापला. "मंग हे रडन तवा तू घेतं का, का माह्या वाटनीचा कापूस वेचतं?" मी बाईच्या आंगानं बोललो. म्हनलं, "वासू, तुही चिंधी कोरडी, तिची गोड. तुह्या चिंधीले बोकड बी चोखनार नाई." तू माह्यावर चार दिस रुसला. मंग येऊन म्हने, "गूय नोको. चिंधी पान्यात भिजवून देतो आन सांजच्याले त्याच चिंधीनं हिरड्या पुसाले लावतो. दहात एक बाई जरी ऐकन." मी म्हनलं, "दहात एक ऐकन ते बहिरी असन." मी तं असा मानूस. तू खरंच त्या एका बाईसाठी कोसभर चाले.

अमरावतीले बी गेलो आपन दोघं, अर्ज घेऊन. तुह्यं म्हननं, खेड्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिस दाताचा डॉक्टर लहान्या लेकराईसाठी यावा. सायेबासाठी मी पेरूची टोपली नेली. सकायपासून बाकावर बसलो. ऊन तापलं, भूक लागली, मी एक पेरू खाल्ला. मंग दुसरा. सायेबानं बलावलं तवा टोपलीत पाला होता. सायेब चांगला होता, बसा बी म्हनला. तुनं सारं सांगतलं. त्यानं इचारलं, "या लेकराईले दात किती असतेत?" तू म्हनला, "वीस." "वीसही पडतेत?" "हो सायेब." "मंग?"

एवढंच बोलला तो. मंग.

परत निंगालो. मी म्हनलं, पेरू असते तं काम झालं असतं. तू हासला नाई. बडनेऱ्याच्या टेसनावर मी तुले इचारलं, "वासू, तुह्या सोताच्या घरी लेकरू नाई, तू काहून एवढा जीव काढतं?" तू म्हनला, "म्हनूनच मले साऱ्याईचं दिसते. तुमाले आपल्या घरचं बी दिसत नाई."

मी ते बी हासून घालवलं.

आता कौशी. नाव घेतलं तशी मास्तरची लेखनी थांबली. लिव बापा, याच्यासाठीच बसलो.

कौशी सहा सालाची. माही एकुलती. ओसरीत सगयाईच्या पुढं बसे आन सगयाईच्या आंधी हासे. त्या दोन दाढीची गोष्ट तिनं शंभरदा ऐकली असन, तरी थुंकाची जागा आली का पोट धरून लोये. ते हासली का बाकीचे लेकरं हासत. माहा धंदा खरं तं तिच्याच जिवावर.

त्या हिवाळ्यात ते तोंडावर हात ठेवून हासाले लागली. मी घरी येऊन तिच्या मायले म्हनलं, "पोरीले लाज समजाले लागली वं." ते बी खुश झाली. म्हने, चांगलं झालं, तुह्यावर नाई गेली. भाकरीचे काठ ते बकरीले टाके. मी म्हनलं, पाहा, दया बी हाये. बोरं खानं सोडलं. मी म्हनलं, पोरगी शहानी झाली. साऱ्या तालुक्याचे लेकरं हासवनारा मी, माह्या घरची पोरगी तोंड झाकून राहिली आन मी तिची तारीफ करून राहिलो.

तुनं पाह्यलं. तू ओसरीतून म्हनला, "किसन्या, कौशी हात काहून लावते तोंडाले?"

"लाजते."

"सहा सालाची पोरगी बापाले लाजते का बे?"

तुनं तिले जवय घेतलं. हात काढे नाई. तू मले म्हने, सांग गोष्ट. मी सांगतली. ते हासली, तुनं हात धरला, आरसा घातला. डाव्या आंगाले, खाली, मांगची दाढ. मले बी दाखवली. काईकुट्ट, मधात खड्डा. लवंगाच्या तेलाचा कापूस घातला तुनं. मंग उठून मले बाजूले नेलं. अजून ऐकू येते मले. "किसन्या, याच्यानं दुखनं थांबन. रोग नाई थांबत. अकोल्याले दर गुरुवारी दाताचा डॉक्टर बसते, मी चिठ्ठी देतो, येत्या गुरुवारी तिले ने. दुखनं थांबलं तरी नेजो. समजलं का? थांबलं तरी."

मी म्हनलं, समजलं.

दोन दिसात दुखनं थांबलं. तिनं भाकरी पुरी खाल्ली. आन गुरुवारी वांगे तोडाले आले.

त्या गुरुवारी माही बंडी अकोल्यालेच गेली, वासू. हे गावाले ठाऊक नाई. लोकाईले वाटते मी गेलोच नसन. गेलो. बंडीभर वांगे घेऊन गेलो. मनात म्हनलं, दात दुधाचा हाये, आठ दिस थांबन. वांगे थांबत नाईत. कौशी बंडीमांगं फाट्यापर्यंत पयत आली. "बाबा, मी येऊ?" मी म्हनलं, "कुठी बसशीन, वांग्यावर?" ते हासली. हात न लावता हासली. म्हनून मले वाटलं, बरी झाली. तुही चिठ्ठी माह्या फेट्यात होती. ज्या दवाखान्याची चिठ्ठी, त्याच्याच समोरून बंडी नेली. बाजारात भाव बी चांगला लागला.

पुढं आठ दिसानं गाल सुजला. तू तवा पातूरले गेला होता, देवीची लस टोचाले. मी जवस वाटून गरम गरम पोटीस बांधलं गालाले. शेक घेतला का सूज बसते, आमच्या घरी असंच करतेत. दोन दिस बांधलं. सूज खाली गयाकडं उतरली, डोया झाकला. मी म्हनलं, उतरून राहिली म्हंजे बरी होऊन राहिली.

तू आला तवा मी दारातच होतो. तुनं तिच्याकडं पाह्यलं, गयाले बोट लावलं. "शेक कोनं देल्ला?"

"मी."

तुनं तिले उचललं. "बंडी जुप," म्हनला. "आता?" "आताच."

बंडी मी हाकली. मांगं तू बसला, तुह्या मांडीवर तिचं डोकं. माय रडून राहिली म्हनून तिले घरीच ठेवलं. पाच कोसाचा रस्ता, ऊन चांगलं निंगालं होतं. मले काई सुचेना तं मी गोष्ट सांगाले लागलो. तेच, दोन दाढीची. तोंड बैलाकडं आन आवाज मांगं. तू मधातच "हं, मंग?" म्हने. तू कधीच "मंग?" म्हनत नव्हता, ते गोष्ट तुले पाठ होती. तरी म्हने. थुंकाची जागा आली, मी थुंकलो. गोष्ट सरली. कोनी हासलं नाई. मांगं पाह्यलं तं तुनं तिच्या तोंडावर आपला हात ठेवेल होता. समोर अकोल्याची मोर्णा नदी दिसाले लागली होती.

मी इचारलं, "कवा?"

तू म्हनला, "त्या बाभयीच्या बनापाशी."

बाभयीचं बन अर्धा कोस मांगं राह्यलं होतं.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू गोष्ट सांगून राहिला होता."

वासू, अर्धा कोस तू तिले धरून बसला आन मले बाप राहू देल्लं. तू "हं, मंग?" म्हनत राह्यला. असं कोनी कोनासाठी करत नाई लेका. मी तुले याच्यासाठी कधीच काई म्हनलो नाई. काय म्हनतेत अशा वेयी, मले येत नाई. मास्तरले इचारलं. त्याले बी येत नाई.

आन याची फेड मी कशी केली, ते ऐका आता सारे.

घरी आलो. अंगनात बाया. काय झालं, काय झालं. मी म्हनलं, "वासूनं तिच्या दातात कापूस घातला होता."

एवढंच म्हनलं. खोटं बी नाई. घातलाच होता. चिठ्ठीचं नाई सांगतलं, वांग्याचं नाई, शेकाचं नाई. बाकीचं गावानं केलं. तिसऱ्या दिशी साऱ्याईच्या तोंडी झालं का कंपोंडरनं दातात औषध घातलं आन किसनाची पोरगी गेली. पुढच्या बाजारी तुह्या ओसरीत एक लेकरू नाई. त्याच्या पुढच्या बाजारी बी नाई. बाया गाल सुजेल लेकरं घेऊन दवाखान्यासमोरून जात, पदरात तोंड झाकून, तुही नजर लागू नये म्हनून. आंगारा लावत, जवस बांधत. त्या वरच्या गल्लीतल्या पोराचा जबडा सडला, आजवर एका आंगानं खाते. ते पोरगं आज अथी बसेल असन. बाबू, तुह्या मायले मीच भेव घातलं होतं, वासूनं नाई.

नऊ साल. दर बाजारी तू ओसरीत स्टूल मांडून, आरसा धुवून बसे. कोनी येत नसे तरी बसे. मी पन्नास पावलावर वांगे इकत होतो. तू दिसे मले. तुले मी दिसो. मी गिऱ्हाईकाले हासवून राहिलो, वांग्याच्या नावानं, सोताच्या नावानं. माह्या बोलन्याले गर्दी, तुह्या ओसरीत कुत्रं निजेल.

तरी तू माह्या घरी येत राह्यला. दारात बसे, तंबाखू मांगे. एकदा मीच इचारलं. तुही ओसरी झाडत होतो, आठवते? "वासू, तू लोकाईले खरं काहून नाई सांगत? मी तं सांगत नाई, मी भेकड हावो. तू सांग ना."

तू म्हनला, "कौशीच्या मायनं तुह्यासंग राहाव लागते. तिले कोन्तं ऐकनं जमन? कंपोंडरनं मारली हे का बापानं नेली नाई हे?"

"आन लेकरं?"

तू आरसा पुसाले लागला. पुसत राह्यला. मी उभा होतो, झाडू हातात. "वासू, मंग लेकरं?" मी पुन्हा म्हनलं. तू आत निंगून गेला.

हे भांडन तथीच राह्यलं. मले वाटते तू चुकला, वासू. आज तेरवीच्या दिशी तुले चुकला म्हनतो, राग आला तं ये उठून. एका बाईचं मन राखाले तुनं साऱ्या पंचक्रोशीचे तोंडं सडू देल्ले. पन हे मी कोन्त्या तोंडानं म्हनू? तुले सांगाचा रस्ता मीच बंद केला होता. तू सांगतलं असतं तं लोक म्हनते, पाहा, आता मरेल पोरीच्या बापावर ढकलून राहिला. सांगाचं मीच होतं. रोज होतं. नऊ सालात दर बाजारी होतं.

तू गेला त्याच्या पाचव्या दिशी बाजार. मी ठरवून गेलो. वांग्याच्या ढिगाजवय उभा राह्यलो आन सांगतलं साऱ्याईले. म्हनलं, वासूनं मले अकोल्याले न्या म्हनलं होतं, मी पोरगी ठेवली आन वांगे नेले. म्हनलं, पोरगी इचारे मी येऊ का, मी म्हनलं, वांग्यावर बसशीन का.

लोक हासले, वासू.

वांग्यावर बसशीन का, हे ऐकून एक बुढी तं डोये पुसाले लागली हासून हासून. कोनी म्हने, "किसन्या, आज नवी काढली." मी म्हनलं, खरं हाये, मी मारली पोरगी. तं अजून हासले. चूक त्याईची नाई. बारा महिने मी सोताच्याच नावानं सांगतो, धोतर सुटलं, ग बकरीनं चाटला, चांगली दाढ काढली. त्याईले काय ठाऊक का आज यानं खरी सांगतली. माह्या तोंडून निंगालं का त्याची गंमतच होते. म्हनून मास्तरले म्हनलं, तू वाच. तुह्या तोंडाले कोनी हासत नाई, शायेत तं लेकरं मुततेत तुह्या भेवानं.

मास्तर, हे बी लिव. गायू नोको.

त्याच दिशी घरी गेलो. कौशीच्या मायले म्हनलं, गावाच्या आंधी तुले सांगाले पाह्यजे होतं, सांगतो. ते भाकरी थापत होती. मी सारं सांगतलं. चिठ्ठी, गुरुवार, "थांबलं तरी नेजो." तिचा हात थांबला. भाकरी परातीत तशीच. मंग म्हने, "तेरवीले वाचून दाखोनार हाये का?"

"हो."

"मंग पुरं लिवजो. वांग्याचं बी लिवजो."

तवापासून माह्यासंग बोलली नाई. ताट वाढते, पानी देते. आज ते अथीच बसेल हाये, बायाईत. मी तिकडं पाह्यत नाई.

परवा तुह्या घरच्या गंगावयनीनं मले तुहा आरसा देल्ला. म्हने, "ते म्हनत, हा किसनालेच द्या, आंधा मानूस हाये, त्याले लागन." जातानी बी चावला लेका तू मले. घरी जाऊन मी सोताच्या तोंडात घालून पाह्यला. अथी तीन दात, तथी दोन, मधात सारं वावर मोकयं. काई इशेष दिसलं नाई. जे पाह्याचं ते यात दिसत नसते.

नवा कंपोंडर अजून आला नाई. पन काल मी अकोल्याले जाऊन इचारून आलो. गुरुवारचा दाताचा डॉक्टर अजून बी बसते.

आन काल सांजच्याले शेजारच्या बुढीची नात अंगनात आली. मैनी, चार सालाची. उगाच उभी. मी म्हनलं, बस. तिले तुह्या मयतीतलं धोतराचं सांगतलं. नऊ सालात मी लेकराले गोष्ट सांगतली नव्हती. ते पाह्यत राह्यली, पाह्यत राह्यली, आन हासली. तोंडावर हात ठेवून.

मी थांबलो नाई, वासू. पुढं सांगत राह्यलो. गोष्टीत धोतर पुरं सुटलं तवा तिचा हात खाली आला. मी वाकलो. आरसा काढाची गरज पडली नाई. डाव्या आंगाले, खाली, मांगची दाढ. काईकुट्ट.

बुढी म्हने, "दुखत नाई म्हनते आता." मी म्हनलं, म्हनूनच.

उद्या गुरुवार हाये. बंडीत गवत टाकलं, वर घोंगडं हातरलं. मैनी येते, तिची बुढी येते. अजून चार-पाच लेकराईले जागा हाये, ज्याले याचं त्यानं सकाऊन फाट्यावर याव.

वांगे तोडाले आले हायेत. राहू दे झाडालेच. या गुरुवारी बंडीत वांगे नाईत.